मिश्र बायथलॉन रिले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाचा मोसम सुरू होऊन पहिली मिश्र रिले झाली, की त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. काही अगदी नवख्यांचे असतात, तर काही इतके खोचक की नियमपुस्तक उघडायला लावतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, गुंतागुंतीचे पुढे येतील. घाई असेल तर प्रश्न ६ आधी वाचा. ही शर्यत कशी जिंकतात आणि कशी हातची जाते, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

१. बायथलॉन म्हणजे नक्की काय?

क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफल नेमबाजी यांची एकत्र शर्यत. खेळाडू पाठीवर रायफल घेऊन बर्फावरून स्की करतो, ठरावीक फेरीनंतर नेमबाजीच्या मैदानात येतो, पाच लक्ष्यं पाडतो आणि पुन्हा वाटेला लागतो. रायफल किमान साडेतीन किलोची असते आणि पूर्ण वाटभर स्वतःच वाहून न्यावी लागते. लष्करी गस्तीच्या स्पर्धांमधून हा खेळ घडला. पुरुषांचं बायथलॉन १९६० च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकमध्ये आलं, स्त्रियांना मात्र १९९२ च्या आल्बेरव्हिलपर्यंत थांबावं लागलं. बत्तीस वर्षांचं हे अंतर लक्षात ठेवलं, तर मिश्र रिलेचं मोल जास्त कळतं.

२. मिश्र रिलेमध्ये संघ कसा असतो?

एका देशाचा एक संघ, त्यात दोन स्त्रिया आणि दोन पुरुष. चौघे एकामागून एक धावतात. प्रत्येकाच्या टप्प्यात तीन फेऱ्या असतात: पहिल्या फेरीनंतर पालथं पडून नेमबाजी, दुसरीनंतर उभ्याने, आणि तिसरी फेरी संपवून पुढच्याला पाळी. म्हणजे पूर्ण शर्यतीत संघाला आठ वेळा मैदानात यावं लागतं आणि चाळीस लक्ष्यं पाडावी लागतात. चौथा खेळाडू ज्या क्रमाने शेवटची रेषा ओलांडतो, तोच संघाचा क्रम. सगळ्या संघांची सुरुवात एकदम होते, त्यामुळे पुढे कोण आहे हे कळायला घड्याळ लागत नाही. नवख्या प्रेक्षकाला हा खेळ याच शर्यतीतून दाखवावा असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण आहे.

३. कुठे ६ किलोमीटर लिहिलेलं असतं, कुठे साडेसात. खरं काय?

दोन्ही खरं, साल बघावं लागतं. आधी स्त्रिया प्रत्येकी ६ किलोमीटर आणि पुरुष प्रत्येकी ७.५ किलोमीटर धावत. २०१४ आणि २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये तसंच होतं. नंतर चौघांनाही सारखंच अंतर असा बदल झाला. २०२१ च्या पोक्ल्युका जागतिक स्पर्धेत पुरुष आधी धावले आणि प्रत्येकाला ७.५ किलोमीटर होते. २०२२ च्या बीजिंगमध्ये स्त्रिया आधी धावल्या आणि चौघांनाही ६ किलोमीटर होते. म्हणून जुन्या आणि नव्या शर्यतींच्या एकूण वेळांची तुलना करू नका, ती फसवी ठरते.

४. एकेरी मिश्र रिले वेगळी कशी? नावच उलटसुलट वाटतं.

नाव गोंधळाचं आहे, हे मान्य. संघात फक्त दोघं असतात, एक स्त्री आणि एक पुरुष, आणि ते आळीपाळीने दोनदा धावतात. फेरी अवघी दीड किलोमीटरची. पहिला खेळाडू एक फेरी मारतो, पालथं पडून नेमबाजी करतो, दुसरी फेरी मारतो, उभ्याने नेमबाजी करतो आणि तिथूनच जोडीदाराला पाळी देतो. जोडीदार तेवढंच करून परत पाळी देतो. मग हेच सगळं पुन्हा एकदा. शेवटच्या नेमबाजीनंतर मात्र दुसऱ्या खेळाडूला आणखी एक फेरी मारून रेषेपर्यंत जावं लागतं. म्हणून सुरुवात करणाऱ्याच्या वाट्याला ६ किलोमीटर येतात आणि संपवणाऱ्याच्या वाट्याला ७.५.

कागदावर ही लहान शर्यत वाटते, पण प्रत्येकाला चार वेळा नेम धरायचा असतो. जोडीदार धावत असताना मिळते तेवढीच विश्रांती, आणि ती काही मिनिटांचीच. पाय जड झालेले असताना तिसऱ्या आणि चौथ्या नेमबाजीत हात कसा स्थिर ठेवायचा, एवढाच या शर्यतीचा प्रश्न. चाळीस लक्ष्यं इथेही आहेतच, फक्त ती दोघांत वाटलेली.

५. लक्ष्य किती लांब आणि किती मोठं असतं?

अंतर नेहमी ५० मीटर. पालथं पडून मारताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, उभ्याने मारताना ११५ मिलिमीटर. पाच काळी वर्तुळं एका ओळीत असतात, लागलं की ते वर्तुळ पांढरं दिसतं. रायफल .२२ बोअरची, स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित चालत नाही, म्हणून प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. दुर्बिणीचा नेमही चालत नाही. खेळाडू चटईवर येतो, काठ्या खाली टाकतो, नळीवरचं आणि नेमावरचं बर्फापासून जपणारं झाकण उघडतो आणि स्की पायातच ठेवून मारायला लागतो. छाती भात्यासारखी चालू असते. दोन श्वासांमधल्या छोट्याशा थांब्यात गोळी सुटायला हवी.

६. जादा गोळ्यांचा नियम समजावून सांगा ना. प्रत्येक वेळी गोंधळ होतो.

रिले आणि बाकीच्या बायथलॉनमधला हाच मोठा फरक. वैयक्तिक शर्यतीत पाच लक्ष्यांना पाच गोळ्या, चुकली ती चुकली. रिलेत प्रत्येक नेमबाजीला आठ गोळ्या मिळतात: पाच मॅगझिनमध्ये, तीन जादा. पाचातली एखादी चुकली तर जादा गोळीने ते लक्ष्य पाडता येतं. तीनही वापरून काही लक्ष्यं उभीच राहिली, तर तेवढ्या दंडफेऱ्या.

ऐकायला ही सवलत वाटते. पण जादा गोळी मॅगझिनमधून येत नाही. ती एकेक करून बोटांनी उचलून चेंबरमध्ये ठेवावी लागते. थंडीने बोटं आखडलेली, बाजूच्या चटईवरचा प्रतिस्पर्धी उठून निघालेला, मागे प्रशिक्षक दुर्बिणीला डोळा लावून उभा. एका जादा गोळीला साधारण सात ते दहा सेकंद लागतात. उत्तम नेमबाज पाचही लक्ष्यं पंचवीस-तीस सेकंदांत पाडतो, हे लक्षात घेतलं तर दोन जादा गोळ्यांनी त्याचा चटईवरचा वेळ जवळपास दीडपट होतो. त्यात गोळी हातातून निसटून बर्फात पडली, की सेकंद आणखी वाढतात.

खरा घाव मनावर बसतो. पहिली जादा गोळी भरताना खेळाडूची लय तुटते. पाच गोळ्यांना एक ठेका असतो, श्वास-नेम-चाप, श्वास-नेम-चाप. तो मोडला की सहावी गोळी नव्याने, एकटी मारावी लागते. सहावी, सातवी आणि आठवीही चुकून दंडफेरीकडे वळणारे जगज्जेते मी कितीदा पाहिलेत. पुष्कळांना वाटतं की जास्त गोळ्या मिळतात म्हणून रिले सोपी. मला उलट वाटतं. वैयक्तिक शर्यतीत चूक तिथेच संपते, रिलेत मात्र तीच चूक दुरुस्त करायला तुम्हाला चटईवर थांबावं लागतं. आणि मागे तिघे सहकारी बघत असतात.

७. दंडफेरी किती मोठी असते?

चौघांच्या मिश्र रिलेत १५० मीटर. चांगल्या बर्फावर तिला साधारण बावीस ते पंचवीस सेकंद लागतात. एकेरी मिश्र रिलेत ती निम्मी, म्हणजे ७५ मीटर, कारण मुळात शर्यतीचा आकारच लहान आहे.

८. पडद्यावर नावापुढे ०+२, १+३ असं येतं. ते कसं वाचायचं?

अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा दंडफेऱ्यांचा, नंतरचा वापरलेल्या जादा गोळ्यांचा. ०+२ म्हणजे दोन जादा गोळ्या लागल्या पण पाचही लक्ष्यं पडली. १+३ म्हणजे तीनही जादा गोळ्या संपल्या, तरी एक लक्ष्य उभं राहिलं. पहिला आकडा शून्याहून मोठा असेल तर दुसरा ३ असायलाच हवा, कारण जादा गोळ्या संपल्याखेरीज दंडफेरीवर जाता येत नाही (का ते पुढच्या उत्तरात). संघाच्या एकूण नोंदीत मात्र सगळ्या नेमबाजींची बेरीज असते. तिथे ०+७ हे सुंदर मानतात आणि २+१२ ला आत खोल कुठेतरी दुखतं.

९. जादा गोळ्या भरण्यात वेळ घालवण्यापेक्षा सरळ दंडफेरी मारली तर? एकेरीत फेरी तर ७५ मीटरचीच आहे.

हा प्रश्न हुशार आहे आणि हिशोब करणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो. तीन जादा गोळ्यांना पंचवीसेक सेकंद, आणि ७५ मीटरची फेरी त्याहून बरीच लवकर संपते. मग कशाला भरायच्या? कारण नियम तशी मुभा देत नाही. लक्ष्य उभं असताना आठही गोळ्या न मारता चटई सोडली, तर न मारलेल्या प्रत्येक गोळीमागे दोन मिनिटांचा दंड होतो. मोजणीच्या चुकीने एक गोळी राहिली तरी हाच दंड. अव्वल संघांचा निकाल काही सेकंदांनी लागत असताना दोन मिनिटं म्हणजे पदकाची आशा संपलीच.

१०. दंडफेरी मारायची विसरली तर?

तिथेही प्रत्येक न मारलेल्या फेरीमागे दोन मिनिटं. फेऱ्या मोजण्याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची. आणि त्या नेमबाजी संपल्या संपल्या मारायच्या असतात, एक चक्कर मारून येऊन नंतर भरपाई करता येत नाही. एक फेरी जास्त मारली तर कुणी दंड करत नाही, पण गेलेला वेळही परत देत नाही.

११. एकाकडून दुसऱ्याकडे पाळी कशी जाते? हातात काही देतात का?

काही देत नाहीत. येणारा खेळाडू ठरवून दिलेल्या पट्ट्यात, जो ३० मीटर लांब असतो, निघणाऱ्याला हाताने स्पर्श करतो. थेट खो-खोसारखं म्हणा, फक्त इथे दोघंही पुढे धावत असतात. ढकलून वेग देणं नियमात बसत नाही. स्पर्श पट्ट्याच्या आतच व्हायला हवा. वीस-पंचवीस संघ असतील आणि चार-पाच एकदम आले, तर त्या पट्ट्यात काठ्यांचं जंगल होतं, आणि आपला माणूस कुठला हे ओळखणंही कठीण जातं.

१२. खेळाडूंच्या क्रमांकाच्या कापडाचे रंग वेगळे का?

चौघांच्या रिलेत टप्प्यानुसार रंग असतो: पहिला लाल, दुसरा हिरवा, तिसरा पिवळा, चौथा निळा. संघाचा क्रमांक चौघांचाही तोच. वाटेवर पिवळे खेळाडू दिसत असताना एखादा हिरवा दिसला, तर तो संघ किती मागे पडलाय हे आकडे न बघता कळतं.

१३. पहिल्या नेमबाजीत सगळे आपापल्या ठरलेल्या चटईवर जातात, पुढे मात्र कुठेही. असं का?

पहिल्या वेळी सगळा जमाव एकदम मैदानात घुसतो. म्हणून पहिल्या टप्प्याच्या पालथ्या नेमबाजीला संघाचा क्रमांक तोच चटईचा क्रमांक असतो. नंतर संघ पांगतात आणि आलेल्या क्रमाने चटया भरत जातात. त्यामुळे आघाडीवरचे दोघं शेजारीशेजारी उभे राहून मारतात. शेजारच्याची गोळी लागल्याचा आवाज कानावर पडतो, आणि तो न ऐकणं हेही एक कसब आहे.

१४. स्त्रिया आधी धावतात की पुरुष?

हे प्रशिक्षक ठरवत नाही. कुठल्या शर्यतीत कोण आधी हे वेळापत्रकातच ठरलेलं असतं आणि ते सगळ्या संघांना सारखंच लागू असतं. त्यामुळे एका टप्प्यावर स्त्रियांची गाठ स्त्रियांशी आणि पुरुषांची पुरुषांशीच पडते. एखादा संघ खूप मागे पडला तर मिश्र दृश्य दिसू शकतं, पण ते क्रमामुळे नव्हे. बरेच दिवस स्त्रियांनी सुरुवात आणि पुरुषांनी शेवट हीच रीत होती, आणि शेवटच्या धावण्याचं कौतुक साहजिकच पुरुषांच्या वाट्याला जायचं. क्रम उलटा करायला लागल्यापासून निर्णायक उभी नेमबाजी स्त्रीच्या हातात आलेली पाहायला मिळते. याची फार आधी गरज होती असं माझं ठाम मत आहे.

१५. मग प्रशिक्षकाच्या हातात काय उरतं?

दोन स्त्रियांपैकी आधी कोण, दोन पुरुषांपैकी आधी कोण, एवढंच. पण त्यात खूप काही आहे. पहिल्या टप्प्यावर गर्दीत न डगमगणारा, एकाग्र नेमबाज हवा. त्याला आघाडी घ्यायची नसते, घोळक्यात टिकून राहायचं असतं. शेवटी असा हवा, जो उभ्याने भराभर मारतो आणि रेषेपर्यंतच्या झुंजीत दम राखतो. फ्रान्सने २०१८ मध्ये मार्तँ फूरकादला शेवटी ठेवलं, नॉर्वेने २०२२ मध्ये योहानेस थिंग्नेस बोला. दोन्ही वेळा सुवर्ण आलं. मधल्या दोघांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण अंतर उघडतं किंवा मिटतं ते बहुधा तिथेच.

१६. वाऱ्याचा एवढा बाऊ का करतात?

५० मीटरवर ४५ मिलिमीटरच्या वर्तुळाला वारा सहज चुकवायला लावतो. शर्यतीआधी खेळाडू कागदी लक्ष्यांवर मारून रायफलचा नेम जुळवून घेतात. पण ती जुळवणी शर्यत सुरू होण्याआधीच संपते. पहिल्या खेळाडूला ती लगेच उपयोगी पडते. चौथा मैदानात येतो तोवर पाऊण तासाहून जास्त वेळ गेलेला असतो, वारा फिरलेला असतो, ऊन-सावली बदललेली असते. त्याला मैदानावरचे झेंडे बघून, प्रशिक्षकाचा इशारा घेऊन नेमाची कळ दोन-तीन घरं फिरवावी लागते. कधी झुळूक जाईपर्यंत चापावर बोट ठेवून नुसतं थांबावं लागतं. थांबलेले ते पाच सेकंद पडद्यावर भ्याडपणासारखे दिसतात. पण जादा गोळीचा खर्च (प्रश्न ६) आठवला, की ते स्वस्त वाटतात.

१७. चुकून शेजाऱ्याच्या लक्ष्यावर मारलं तर?

मारणाऱ्यासाठी ती गोळी चुकलेलीच, शेजाऱ्याचं लक्ष्य पडलं तरी. ज्याच्या लक्ष्यावर गोळी आली त्याला पंच अडचणीत राहू देत नाहीत. गरज पडली तर लक्ष्यं पुन्हा उभी करतात, आणि त्याचा वेळ वाया गेला असेल तर भरपाईचा निर्णय देतात.

१८. काठी, स्की किंवा रायफल मोडली तर शर्यत संपली का?

नाही. काठी वाटेत बदलता येते, म्हणूनच प्रशिक्षक जागोजागी काठ्या घेऊन उभे दिसतात. स्की मात्र मोडली किंवा तिची पकड तुटली तरच बदलता येते. घसरत नाही म्हणून बदलली, हे चालत नाही. रायफल बिघडली तर संघाची राखीव रायफल मैदानाजवळ ठेवलेली असते आणि ती पंचांमार्फत घेता येते. पण ती दुसऱ्याच्या खांद्याला बेतलेली असते. गेलेल्या वेळेची भरपाईही होत नाही.

१९. निकालात काही संघांपुढे वेळच नसते. ते का?

आघाडीच्या संघाने त्यांना एका पूर्ण फेरीने मागे टाकलं म्हणून. असा संघ शर्यतीतून बाहेर पडतो, त्याचे उरलेले टप्पे होतच नाहीत. चौथ्या टप्प्यासाठी तासभर अंग गरम ठेवून थांबलेल्या खेळाडूला कधीकधी निघायलाच मिळत नाही. फार वाईट वाटतं ते बघून.

२०. ही स्पर्धा सुरू कधी झाली?

जागतिक अजिंक्यपदाची पहिली मिश्र रिले २००५ मध्ये झाली, पण मुख्य स्पर्धेत नाही. मुख्य स्पर्धा ऑस्ट्रियातल्या होखफिल्झेनला होती आणि मिश्र रिले वेगळी काढून रशियातल्या खांती-मान्सीस्कला घेतली. रशिया जिंकला. २००६ हे ऑलिंपिकचं वर्ष असल्याने ती एकटीच स्लोव्हेनियातल्या पोक्ल्युकाला झाली आणि पुन्हा रशियाच जिंकला. २००७ मध्ये इटलीतल्या अँटहोल्झला तिला मुख्य स्पर्धेत जागा मिळाली, तेव्हा स्वीडनने सुवर्ण घेतलं. एकेरी मिश्र रिले विश्वचषकात २०१४-१५ च्या मोसमात आली आणि जागतिक अजिंक्यपदात २०१९ मध्ये, स्वीडनमधल्या ओस्टरसुंडला. तिचं पहिलं सुवर्ण मार्टे ओल्सबू रोईसेलान आणि योहानेस थिंग्नेस बो या नॉर्वेच्या जोडीचं. पुढच्याच वर्षी अँटहोल्झला त्यांनी ते राखलं. रोईसेलान त्या एका स्पर्धेतून पाच सुवर्णं आणि दोन कांस्यं घेऊन घरी गेली.

२१. ऑलिंपिकमध्ये पहिल्या तीन वेळा कोण जिंकलं?

२०१४, सोची: नॉर्वे. टोरा बेर्गर, टिरिल एकहॉफ, ओले एइनार ब्यॉर्नडालेन आणि एमिल हेगले स्वेंडसेन. चेक प्रजासत्ताक दुसरं, इटली तिसरं. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली आणि तिनेच इतिहास घडवला: चाळिशीतल्या ब्यॉर्नडालेनचं हे तेरावं ऑलिंपिक पदक, तेव्हा हिवाळी ऑलिंपिकमधलं कुणाहीपेक्षा जास्त. १९९४ मध्ये पहिलं ऑलिंपिक खेळलेल्या माणसाने तो विक्रम एकट्याने नाही, दोन स्त्रियांच्या आणि एका पुरुषाच्या सोबतीने केला. २०१८ मध्ये नॉर्वेच्याच मारिट ब्योर्गेनने तो मागे टाकला.

२०१८, प्यॉंगचांग: फ्रान्स. मारी दोरँ-आबेर, अनाइस बेस्कों, सिमों देस्तिऊ, मार्तँ फूरकाद. नॉर्वे दुसरा. तिसऱ्या जागेसाठी इटलीचा डॉमिनिक विंडिश आणि जर्मनीचा आर्न्ड पायफर यांची शेवटच्या सरळ वाटेवर चुरस झाली. विंडिशने वाट अडवली अशी तक्रार जर्मनीने केली, ती फेटाळली गेली आणि कांस्य इटलीकडे राहिलं. सोचीच्या इटलीच्या संघातले तिघे, डोरोथेया वीरर, लुकास होफर आणि विंडिश, याही संघात होते.

२०२२, बीजिंग: पुन्हा नॉर्वे. रोईसेलान, एकहॉफ आणि तार्येई व योहानेस हे बो बंधू. मोठ्या भावाने धाकट्याला पाळी दिली. तासाहून जास्त चाललेल्या शर्यतीत पहिल्या तीन संघांमध्ये फक्त दीड सेकंदाचं अंतर उरलं: फ्रान्स ०.९ सेकंदाने मागे, रशियन ऑलिंपिक समितीचा संघ १.५ सेकंदांनी. एका जादा गोळीच्या खर्चाशी हे आकडे ताडून बघा.

२२. त्या निकालात ‘रशिया’ का लिहिलेलं नाही?

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणामुळे देशाच्या नावाने आणि झेंड्याखाली खेळायला तेव्हा मनाई होती, म्हणून संघ ऑलिंपिक समितीच्या नावाने उतरला. त्यानंतर मार्च २०२२ पासून युक्रेनवरच्या आक्रमणामुळे आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं. ही दोन कारणं वेगळी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये.

२३. एकेरी मिश्र रिले ऑलिंपिकमध्ये आहे का?

२०२२ आणि २०२६ च्या कार्यक्रमात बायथलॉनच्या अकरा शर्यती ठरल्या: पाच पुरुषांच्या, पाच स्त्रियांच्या आणि एक मिश्र, ती चौघांची. एकेरीला तिथे जागा नाही. युवा ऑलिंपिकमध्ये मात्र ती २०१६ च्या लिलेहामरलाच आली. मोठ्या ऑलिंपिकमध्येही ती असावी असं मला मनापासून वाटतं. चार तगडे खेळाडू तयार करणं थोड्याच देशांना जमतं, दोन तयार करणं पुष्कळांना. २०२३ च्या ओबरहोफ जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रियाच्या लिझा हाउझर आणि डेव्हिड कोमात्झ या जोडीने रौप्य घेतलं, ते याच बळावर.

२४. रिलेचे गुण खेळाडूच्या वैयक्तिक क्रमवारीत धरतात का?

नाही. विश्वचषकाची वैयक्तिक क्रमवारी वैयक्तिक शर्यतींवरच ठरते. मिश्र शर्यतींचे गुण देशाच्या खात्यात जातात. तरी अव्वल खेळाडू सहसा त्यातून पळ काढत नाहीत.

२५. दोन वेगवेगळ्या देशांचे खेळाडू एका संघात खेळू शकतात का?

विश्वचषक, जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिकमध्ये नाही, संघ देशाचाच. मिश्र जोड्यांच्या निमंत्रितांच्या स्पर्धा वेगळ्या असतात आणि त्यांचे नियमही वेगळे. जर्मनीतल्या गेल्झनकिर्खेनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये २००२ मध्ये सुरू झालेली वर्ल्ड टीम चॅलेंज त्यातली सर्वांत गाजलेली. एक स्त्री, एक पुरुष, मैदानात आणून टाकलेला बर्फ आणि भोवती हजारो प्रेक्षक. पण तिथल्या निकालाला विश्वचषकाचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे तिथले आकडे या पानावरच्या नियमांशी जुळवत बसू नका.

२६. थंडीमुळे शर्यत रद्द होते का? आणि मेणाबद्दल काय?

तापमान उणे २० अंशांच्या खाली असेल तर शर्यत सुरू करत नाहीत. मेणाबाबत: स्की निसरडी करणारी फ्लोरिनयुक्त मेणं २०२३-२४ च्या मोसमापासून पूर्ण बंद आहेत, आणि स्की तपासल्या जातात.

२७. शेवटच्या उभ्या नेमबाजीला एक मिनिटाची आघाडी आहे. शर्यत संपली असं समजायचं का?

हिशोब करून बघू. आघाडीचा खेळाडू चटईवर येतो. पाचातली तीन लक्ष्यं पडतात. तीन जादा गोळ्या एकेक करून भरतो: पंचवीसेक सेकंद गेले. तीनही चुकतात, दोन लक्ष्यं उभी राहतात. दोन दंडफेऱ्या म्हणजे आणखी पंचेचाळीस ते पन्नास सेकंद. एकूण सत्तरच्या वर. मागून आलेल्याने पाचाला पाच पाडली असतील, तर पहिला दंडफेरीतून बाहेर येईपर्यंत तो पुढे निघून गेलेला असतो, आणि अजून एक पूर्ण फेरी बाकी असते. असं घडताना पाहिलंय, म्हणून मैदानात शेवटचा खेळाडू चटईवरून उठेपर्यंत मी तरी खुर्चीला पाठ टेकत नाही.